नाक का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या शिल्पांचं प्रदर्शन कुठलंही असो, हातात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "सगळं छान आहे हो, पण या डोक्यांना नाक का नाही?" एका बाईंनी तर सुनावलं, "साहेबानं कापली ती काय कमी होती, म्हणून तुम्ही कापताय?"

बरीच वर्षं माझ्याकडे ठेवणीतलं उत्तर होतं. हर्बर्ट रिस्ली, 1901 च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले 100. आकडा 70 च्या खाली आला तर नाक अरुंद, 85 च्या वर गेला तर बसकं. आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, हा त्याचा सिद्धान्त. ज्या नाकावर एवढं शास्त्र रचलं ते नाकच मी काढून घेतो, असं म्हटलं की लोक माना डोलवायचे. हे खोटं नव्हतं. पण मला रिस्ली माहीत झाला, त्याआधीपासून माझ्या पेटीत कॅलिपर, म्हणजे रुंदी-उंची मोजायचा चिमटा, होता. व्यक्तिशिल्प शिकताना पहिल्या वर्षीच तो हातात येतो.

तोच घेऊन मी सोलापूरला सेटलमेंटमध्ये गेलो होतो, म्हणजे सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे कुंपणात ठेवलं होतं त्या वस्तीत. गुन्हेगार जमातींचा 1871 पासूनचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तारेचं कुंपण गेलं, नाव मात्र तोंडात राहिलं. ओळखीतून एक आजोबा डोकं करू द्यायला तयार झाले होते. बाजेवर बसले होते. मी पेटी उघडली, कॅलिपर काढला. आजोबांनी तो पाहिला, धोतराला दोन्ही हात नीट पुसले आणि पंजे उताणे करून माझ्यापुढे धरले.

"उजव्याची आधी देऊ का, साहेब?"

मला कळेना. नातू ओशाळून हसला. "आबा, ठसे नाही घेत आता. नाक मोजायला आलेत." लहानपणी बापाच्या मागून हजेरीला जायचे, तिथलं त्यांच्या अंगात राहिलं होतं.

त्या क्षणी पेटी बंद करून उठलो असतो, तर आज ही गोष्ट ताठ मानेनं सांगितली असती. मी उठलो नाही. प्रवासभाडं खर्च झालं होतं, प्रदर्शन दोन महिन्यांवर होतं, आणि ते मुकाट्यानं तोंड वर करून बसले होते. मोजलं. रुंदी 41, उंची 48. वहीत लिहिता लिहिता डोक्यात भागाकार झालासुद्धा: पंच्याऐंशी पूर्णांक चार. कुणी करायला सांगितला नव्हता.

"किती आलं?" आजोबांनी विचारलं.

"चांगलं आलं," मी म्हणालो.

मुंबईला येऊन शाडूत डोकं उभं केलं. कपाळ, कान, गालफडं, सगळं जमलं. नाक तीनदा लावलं, तीनदा तारेनं उतरवलं. मग तसंच ओतलं. रिस्लीचा युक्तिवाद नंतर सुचला, कॅटलॉगसाठी. तेव्हाचा मी म्हणेल, कारण मागून सुचलं म्हणून ते खोटं ठरत नाही. बरोबर आहे त्याचं. पण मग पुढच्या अकरा डोक्यांना नाक का नाही? त्यांनी तर माझ्यापुढे हात धरले नव्हते. तिथे मी सरळ सवय विकली. कॅलिपर सोडून दे, असं मित्र सांगतात. सोडून काय करू? डोळ्यांनी मोजलं तरी ते मोजणंच की.

आजोबा गेले. गेल्या वर्षी नातवानं त्या शिल्पाचा फोटो पाहिला आणि फोन केला. रागावला नव्हता.

"सर, आबांचं नाक का नाही लावलं? आमच्या पोरीचं नाक त्यांच्यावर गेलंय, सगळे म्हणतात. तिला दाखवायचं होतं."

त्याला रिस्ली सांगायला माझी जीभ रेटेना.

वहीत आकडे आहेत, साचाही ठेवलाय. नाक आजही बसवता येईल. अजून बसवलेलं नाही.