टॉल्किनची पात्रे, व्हॅन्सचे नियम

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा जादूगार, योद्धे अशा भूमिका घेऊन खेळायचा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि तो ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या कादंबऱ्यांवरून बेतलेला आहे असे आजही सर्रास मानले जाते. या समजाला आधार आहेच, कारण हॉबिट, एंट आणि बॅलरॉग ही टॉल्किनच्या पात्रांची नावे त्याच्या हक्कदारांच्या कायदेशीर आक्षेपामुळे बदलून हाफलिंग, ट्रीएंट आणि बॅलोर अशी करावी लागली. तरीही, टॉल्किनने या खेळाला पात्रे दिली आणि नियम मात्र आज कमी वाचल्या जाणाऱ्या लेखकांकडून आले, असे माझे मत आहे. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधील परिशिष्टात गायगॅक्सने आपल्या आवडत्या पुस्तकांची यादी दिली, तीत टॉल्किन आहे, पण ज्यांचा प्रभाव सर्वांत थेट म्हणून वेगळा नोंदवला आहे, त्या मोजक्या नावांत तो नाही. (गायगॅक्स हे थोडे हट्टानेच करत असावा, अशी मला शंका आहे.)

त्या मोजक्या नावांत जॅक व्हॅन्स आहे. त्याच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० च्या पुस्तकातले जादूगार ग्रंथांतले मंत्र मोठ्या कष्टाने डोक्यात भरून घेतात, आणि मंत्र एकदा उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. मॅझिरियन हा जादूगार एका स्त्रीच्या पाठलागावर निघताना असे पाच मंत्र सोबत घेतो, आणि एकेक खर्ची पडतो तसा तो अधिकाधिक असहाय होत जातो. गायगॅक्सला नेमके हेच हवे होते. ‘चेनमेल’ या त्याच्या आधीच्या युद्धखेळात जादूगार म्हणजे जवळजवळ तोफखानाच होता. तेवढी ताकद एकाच खेळाडूच्या हाती अमर्याद दिली, तर तलवार घेतलेल्या सोबत्यांना करण्यासारखे काही उरत नाही. व्हॅन्सच्या कल्पनेमुळे खेळातल्या जादूगारालाही सकाळी मंत्र पाठ करून ठेवावे लागू लागले आणि जादू मोजून वापरावी लागू लागली. मॅझिरियनच्या पाच मंत्रांपैकी ‘प्रिझमॅटिक स्प्रे’ तर पुढे नावानिशी खेळात आला.

पॉल अँडरसनच्या कादंबरीतून तुटलेले अवयव पुन्हा जोडून घेणारा आणि केवळ आगीला हरणारा ट्रोल हा राक्षस आला. व्यवस्था आणि अनागोंदी यांतला झगडा त्याच्याकडून आणि मायकेल मूरकॉककडून आला. फ्रिट्झ लायबरच्या लंखमार नगरीतला चोरांचा संघही इथे ओळखू येतो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वापरलेला मंत्र विसरला जात नाही; दिवसाकाठी किती वेळा जादू करता येईल, एवढीच मर्यादा राहिली आहे. खेळ त्यामुळे सोपा झाला, हे मान्य. पण एकच मंत्र दोनदा पाठ करून ठेवायचा की दोन वेगळे, हा सकाळचा पेच त्यातून गेला, आणि जादूगाराची भूमिका घेण्यातली माझी निम्मी गंमत त्या पेचातच होती.