तुम्ही विचारलंत म्हणून: स्नायडरचे झोम्बी आणि माझ्या अक्षता

मी लग्नाचे व्हिडिओ कापते. शूटिंग माझा दीर आणि त्याच्याकडची पोरं करतात. इंदुरात रामबागेतल्या आमच्या घराच्या माडीवर बसून मी त्याचं मिक्सिंग करते. एडिटिंग हा शब्द आमच्या धंद्यात उशिरा आला. व्हीएचएसच्या काळापासून लोक मिक्सिंगच म्हणत आलेत, आणि वधूपिते अजूनही तेच म्हणतात. तर असं दिवसभर हळदी, मंगलाष्टका आणि विहीणपंगती बघणारी बाई रात्री जेवणं आटोपली की झोम्बीचे, म्हणजे मेलेली माणसं उठून जिवंतांना चावत सुटतात ते, सिनेमे लावते, हे कळलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "काकू, झोम्बी? आणि त्यातही झॅक स्नायडरचे?"

पहिल्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दिवसभर नटलेली, हसरी, कॅमेऱ्याकडे बघून लाडू भरवणारी माणसं बघितली की रात्री जरा वेगळी माणसं बघावीशी वाटतात. उरलेल्या निम्म्याला वेळ लागतो, म्हणून हे लिहून ठेवते. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर फोनवरून पाठवून देईन.

स्नायडर म्हणजे जाहिराती करता करता सिनेमात आलेला अमेरिकन दिग्दर्शक. '३००' त्याचा, 'वॉचमेन' त्याचा, सुपरमॅन आणि बॅटमॅनला एकमेकांच्या अंगावर सोडणाराही तोच. मुलीच्या मृत्यूनंतर त्यानं 'जस्टिस लीग' अर्ध्यावर सोडला, दुसऱ्यानं तो पुरा केला, आणि मग स्नायडरचीच आवृत्ती दाखवा म्हणून चाहत्यांनी इतका धोशा लावला की २०२१ मध्ये चार तासांची ती आवृत्ती खरोखरच आली. आमच्या माडीवर कामाला दोन पोरं आहेत. एकाच्या फोनवर याच माणसाच्या सिनेमाचा फोटो आहे. दुसरा म्हणतो, "चार तास? तेवढ्यात मी उज्जैनला जाऊन महाकालचं दर्शन घेऊन परत येतो." दोघं एकाच टेबलावर डबा खातात, पण या विषयावर बोलत नाहीत. स्नायडरबद्दल मधलं मत असणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही. मीच एक असेन.

त्याचे झोम्बीचे सिनेमे दोन. २००४ चा 'डॉन ऑफ द डेड', हा त्याचा पहिलाच सिनेमा. आणि मध्ये सतरा वर्षं जाऊन आलेला 'आर्मी ऑफ द डेड'. पहिला मी किती वेळा पाहिलाय ते सांगायला लाज वाटते. दुसरा पाहिला तेव्हा आतल्या आत कात्री चालवत होते.

पहिला घरी आला तो दिरानं जेल रोडवरून आणलेल्या सीडीतून. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही, पण सिनेमा सुरू झाला आणि ताटातला हात थांबला. एक नर्स ड्यूटी संपवून घरी येते. नवरा-बायको स्वतःत गुंग आहेत, टीव्हीवर बातमी येऊन जाते ती त्यांना दिसत नाही. पहाटे बेडरूमच्या दारात शेजारची लहान मुलगी येऊन उभी राहते. नवरा "काय झालं, बाळा" अशा आविर्भावात तिच्याजवळ जातो. "अगं, ही पोर चावून राहिलीये त्याला!" सासूबाई ओरडल्या. (आमच्या इंदुरी मराठीत सगळं 'होऊन राहिलेलं' असतं, पुण्याची जाऊ हसते, हसू दे.) मग तो नवराच उठून बायकोच्या मागे लागतो, ती न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर पडते, आणि बाहेर ती कालची शांत, हिरवळीची वसाहत जळते आहे. कॅमेरा वर जातो आणि घरं, गाड्या, धूर असं सगळं वरून दिसतं. त्यावर जॉनी कॅशचं गाणं आणि श्रेयनामावली. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. कुठेही थांबून "बघा मी काय घेतलंय" असं म्हणणं नाही.

आता कापणारी बाई आहे म्हणून कापणाऱ्यांचं श्रेय सांगते. त्या श्रेयनामावलीचं काम काइल कूपरचं, एडिटिंग नीव्हन हाउईचं, आणि पटकथा जेम्स गनची. मूळ गोष्ट जॉर्ज रोमेरोच्या १९७८ च्या सिनेमाची: झोम्बींपासून वाचलेली माणसं एका मॉलमध्ये आसरा घेतात. रोमेरोचे झोम्बी रेंगाळत चालतात. मॉलमध्ये येतात, कारण जिवंतपणी तिथेच यायची सवय होती. मॉल म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर एम.जी. रोडवरचं ट्रेझर आयलंड येतं, आणि तिथल्या सरकत्या जिन्यांवर रविवारी संध्याकाळी जे चेहरे दिसतात ते पाहिले की रोमेरोला काय म्हणायचं होतं ते कळतं. स्नायडरनं मॉल ठेवला, टोमणा बराचसा काढून टाकला, आणि झोम्बींना पळायला लावलं. जुन्या लोकांना याचा राग आहे. मला नाही. झोम्बी पळतात म्हणून दिग्दर्शकालाही पळावं लागलं, आणि त्याचं त्यातच भलं झालं.

पण त्या सिनेमातलं मला सगळ्यात आवडणारं जे आहे त्यात कुणीच पळत नाही. मॉलच्या गच्चीवर एक पोलीसवाला, आणि मधल्या हजारो झोम्बींपलीकडे समोरच्या बंदुकांच्या दुकानाच्या गच्चीवर अँडी नावाचा एकटा माणूस. आवाज पोचत नाही. दोघं दुर्बिणीतून बघतात आणि पांढऱ्या फळ्यांवर मार्करनं लिहून बोलतात. बुद्धिबळही तसंच, एकेक चाल फळ्यावर लिहून. अँडीकडचं खाणं संपतं. त्याला डबा पोचवायची खटपट होते, कुत्र्याच्या अंगाला बांधून. आणि मग एका वेळी अँडी फळा वर धरतो तेव्हा त्यावर अक्षरं नसतात, नुसतं रक्त फासलेलं असतं. एवढंच. ना किंकाळी, ना संगीताचा धबधबा. ज्याला लोक "नुसता देखावा करणारा" म्हणतात त्यानं हे केलंय, हे मी आमच्या उज्जैनवाल्या पोराला दर वेळी ऐकवते.

आता स्लो-मोबद्दल, म्हणजे शॉट संथ करून दाखवण्याबद्दल. लोकांचा मुख्य आक्षेप तोच, आणि माझा तर तो रोजचा धंदा आहे.

सेकंदाला १२० फ्रेमनं (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) घेतलेला शॉट २४ फ्रेमनं दाखवला की एका सेकंदाचे पाच होतात. आमच्याकडे त्याची खरी जागा एकच: अंतरपाट खाली येतो, भटजींचा 'सावधान' लांबतो, आणि अक्षता उडतात. प्रत्यक्षात दीड-दोन सेकंदांचा मामला. बघणाऱ्याला नुसता गलका आणि डोक्यावर काहीतरी पडल्याचं कळतं. पाचपट केलं की कुंकवानं लाल झालेला एकेक दाणा वेगळा दिसतो. एक मुंडावळ्यांत अडकतो, एक नवऱ्याच्या पापणीवर आपटतो आणि तो डोळा मिटून घेतो. मागच्या रांगेतल्या मामांनी मूठ किती जोरात मारली तेही दिसतं. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते दिसायला लागतं, यासाठी स्लो-मो.

मग ग्राहक म्हणतो, "दीदी, सगळंच असं करा ना, भारी दिसतं." जोडे घालताना स्लो, फेटा बांधताना स्लो, आइस्क्रीमचा चमचा स्लो. पाच मिनिटांत डोळे सरावतात आणि अक्षता आल्या तरी कुणाला काही वाटत नाही.

'३००' मध्ये स्नायडरनं याचं एक भन्नाट रूप केलं. एकाच वेळी तीन कॅमेरे, तिघांवर वेगवेगळ्या लेन्स, आणि मग एडिटिंगमध्ये दुरून जवळ, जवळून दूर अशा उड्या, त्यातच वेग कमी, वेग जास्त. राजा भाला फेकतो, पुढे जातो, वार करतो, आणि शॉट कुठे कापलाय ते दिसत नाही. मी ते दहा वेळा मागे-पुढे करून पाहिलं आणि आमच्या संगीताच्या नाचांत वापरायला गेले. नाचणारी काकी होती. काही जमलं नाही. त्या सिनेमात मात्र ती युक्ती शोभते, कारण सगळी गोष्टच भिंतीवरच्या चित्रासारखी आहे. पुढच्या सिनेमांत ती सवय झाली, आणि सवय झाली की ती ग्राहकाच्या आइस्क्रीमच्या चमच्यासारखी होते.

'आर्मी ऑफ द डेड' नेटफ्लिक्सवर आला २१ मे २०२१ ला. आमच्याकडे तेव्हा कर्फ्यू होता, लग्नं बंद, माडीवर कुलूप. घरात सगळे होते, म्हणून सगळ्यांनी पाहिला. लास व्हेगास झोम्बींनी भरलंय, भोवती कंटेनरची भिंत, शहरावर बॉम्ब पडायच्या आत तिजोरी फोडून पैसे आणायचे. भिंतीबाहेर छावणी, आणि तिथले पहारेकरी लोकांच्या कपाळाला ती तापाची बंदूक लावतात. सिनेमाचं शूटिंग २०१९ चं, साथीच्या आधीचं. आम्ही सगळे गप्प झालो. सकाळीच दूधवाल्याला कुणीतरी तीच बंदूक लावली होती.

सुरुवातीची श्रेयनामावली पुन्हा झकास. पॅराशूटनं उतरणारा शिपाई थेट झोम्बींच्या गर्दीत अलगद उतरतो. तो उतरेपर्यंत आपल्याला कळलेलं असतं आणि त्यालाही कळलेलं असतं. इथे स्लो-मो म्हणजे अक्षता. मी सोफ्यावर सरसावून बसले.

त्यानंतर दोन तास राहिले होते. पहिला सिनेमा १०१ मिनिटांचा, हा १४८. मधल्या ४७ मिनिटांत काय आहे? बाप-लेकीचं तेच बोलणं तीनदा, कुठेच न जाणारे इशारे, निळ्या डोळ्यांचे यांत्रिक झोम्बी ज्यांचं स्पष्टीकरण मिळत नाही, झोम्बींचा राजा, राणी, वाघ. वाघ मला आवडला, हे कबूल करते.

आणि फोकस. या सिनेमाचा कॅमेरा स्नायडरनं स्वतः केला, आणि वापरली ती कॅननची १९६० च्या दशकातली ५० मिलिमीटरची जुनी लेन्स, ०.९५ अपर्चरची (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). तिच्यावर प्रेम बसणं मी समजू शकते. पण ती पूर्ण उघडी ठेवून एक मीटरवरच्या माणसाला धरलं तर फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर. डोळा आला तर कान गेला. दोन माणसं बोलत असतील तर एक नक्की गेला. व्हेगासचं एवढं उद्ध्वस्त शहर उभं केलं आणि मागे दिसतो तो धुक्याचा पडदा. वर कॅमेऱ्याच्या सेन्सरमधले मेलेले पिक्सेल काही शॉट्समध्ये पांढरे ठिपके होऊन चमकतात. घरी मुलानं उठून टीव्ही पुसला होता.

मी हे वरून हसून लिहीत नाही. आमच्याकडेही तशीच, १.२ अपर्चरची लेन्स आली होती तेव्हा एका कन्यादानात हातांवर सोडलेली पाण्याची धार इतकी सुंदर आली की मी तोच टेक ठेवला. धारेचा थेंब अन् थेंब स्वच्छ, आणि वर वडिलांचा रडणारा चेहरा म्हणजे एक पिवळसर डाग. दुसऱ्या कॅमेऱ्यात तो चेहरा होता. मी टाकून दिला, कारण धार सिनेमासारखी दिसत होती. आठ दिवसांनी मुलीचा फोन आला, "काकू, बाबा कुठे आहेत यात?" फुटेज पुसलं गेलं होतं. तेव्हापासून स्वतःच्या आवडत्या शॉटवर मी आधी संशय घेते.

स्नायडरनं तो घेतला नाही, मला वाटतं भानगड एवढीच आहे. पहिल्या सिनेमात तो नवखा होता. गोष्ट दुसऱ्याची, पटकथा तिसऱ्याची. दुसऱ्यात गोष्ट त्याची, पटकथेत तो, कॅमेरा तो, निर्माता तो. एडिटर होती डोडी डॉर्न, जिनं 'मेमेंटो'सारखा उलटसुलट क्रमानं सांगितलेला सिनेमा कापलाय. म्हणजे कात्रीला धार नव्हती असं नाही. हात कुणी धरला असेल त्याचा अंदाज मी माझ्या ग्राहकांवरून बांधते. आणि तोच माणूस अडला की काय करू शकतो ते याच सिनेमात आहे: एका नटावर आरोप झाल्यावर त्याला पूर्ण काढून टिग नोटारो या नटीला हिरव्या पडद्यापुढे बहुतेक एकटीलाच शूट केलं आणि तयार सिनेमात बसवलं. ती हेलिकॉप्टरवाली. अख्ख्या सिनेमात सगळ्यात मोकळी, गमतीदार तीच वाटते.

तर आवडतो का? हो. त्याच्या कुठल्याही सिनेमाची पहिली दहा मिनिटं मी बघायला तयार आहे. पुढचं बघताना मात्र माझा उजवा हात आपोआप माउस शोधतो.

राहता राहिली हुमा कुरेशी. 'आर्मी'त ती गीता नावाच्या आईच्या भूमिकेत आहे. छावणीतल्या पोरांना सोडवायला पैसे हवेत म्हणून व्हेगासात शिरते आणि अडकते. तिला सोडवतात, हेलिकॉप्टरमध्ये बसवतात, हेलिकॉप्टर पडतं, आणि त्यानंतर ती दिसतच नाही. तिचं काय झालं ते ना कुणी बोलतं, ना कॅमेरा तिकडे वळतो. सासूबाईंनी मला तिथे तीनदा मागे न्यायला लावलं. मी फ्रेम फ्रेम करून पाहिलं. नाहीच. त्या अजून टीव्हीवर हुमा दिसली की विचारतात, "ही वाचली ना गं तेव्हा?"

मी सांगते, वाचली.