स्क्रीनवरचं शून्य

ती गाडी तिसऱ्यांदा दुकानासमोर थांबली तेव्हा मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यालो. तहान लागली नव्हती. एकच गाडी एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आली की टायरवाल्याच्या घशाला कोरड पडतेच.

शिरोलीजवळ हायवेला लागून माझं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे. ट्रक, ट्रॅव्हल्स, एमआयडीसीतले टेम्पो ही रोजची गिऱ्हाइकं. मोटरहोम वर्षाकाठी एखादं. ही गाडी म्हणजे मिनीबसच्या चेसीवर बांधून घेतलेलं घरच होतं. आत ओटा, पलंग, भांड्यांची मांडणी, पाण्याची टाकी. पहिल्यांदा आली तेव्हा शेजारच्या चहावाल्यानं विचारलं होतं, "शूटिंगची व्हॅनिटी आली व्हय?" कोल्हापुरात मोठी पांढरी गाडी दिसली की लोकांना आधी शूटिंग आठवतं.

मालक काका उद्यमनगरात चाळीस वर्षं मशीनशॉप चालवून रिटायर झालेले. ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे त्या जड फिरत्या चाकावर, हयात गेलेला माणूस. त्यांना मी बॅलन्सिंग समजावणं म्हणजे गुऱ्हाळवाल्याला गूळ विकण्यातला प्रकार. तरी दोन वेळा समजावलं होतं, आणि दोन्ही वेळा बिलही घेतलं होतं.

तक्रार अशी, की सत्तर ते ऐंशीच्या मध्ये स्टेअरिंग थरथरतं आणि मागं सगळं घर वाजायला लागतं. साठला काही नाही, नव्वदला पुन्हा कमी. हे लक्षण बॅलन्सिंगचंच, म्हणजे चाकाची एक बाजू जड असल्याचं. मशीन ती जागा दाखवतं आणि हलक्या बाजूला आम्ही शिशाची वजनं ठोकतो. त्यांच्या मापाचं, म्हणजे 215/75 आर 17.5 चं चाक पंचाहत्तरच्या वेगाला सेकंदाला साधारण साडेआठ फेरे घेतं. रिमच्या कडेला 100 ग्रॅमचा फरक असला तर त्या वेगाला तो चाकाला साडेसहा किलोच्या जोरानं ओढतो, सेकंदाला साडेआठ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. वेग निम्मा केला की ही ओढ चौथाईवर येते, म्हणून गावात काही जाणवत नाही. स्प्रिंगखालच्या ॲक्सलची आपली एक उसळण्याची चाल असते, तीही याच्याच आसपासची. दोन्ही चाली जुळल्या की गाडी नाचते, पुढं वेग वाढला की जुळणी सुटते.

या वेळी काका उतरले ते हातात प्लास्टिकची अर्धी पिशवी घेऊन. आत साबुदाण्याहून बारीक काचेचे गोल मणी.

"तुझ्याकडनं दोनदा जमलं न्हाई. वाटेत एकानं हे पुढच्या दोन्ही चाकांत घातलं. म्हणाला, आता मशीन नको, शिसं नको, मणी आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात."

"मग?"

"मग काय? आधी स्टेअरिंग हलायचं, आता दात वाजाय लागलेत."

काकी दारातूनच म्हणाल्या, "माझे डबे ऐका एकदा. भजनी मंडळ वाटतं."

काकांना माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं. तीनपैकी कुठली पद्धत धरायची? चाक उतरवून मशीनवर, का चाक गाडीलाच ठेवून जागेवर फिरवून, का हे मणी? त्यांचा स्वतःचा कल दुसऱ्या पद्धतीकडं. फ्लायव्हील शाफ्टला बसवूनच बघायची असते, हा त्यांचा जन्माचा धडा. आणि त्यात तथ्य आहे. गाडीवरच चाक फिरवलं तर ड्रम, हब, चाक सगळं मिळून बॅलन्स होतं. मी ज्या उस्तादांकडं शिकलो त्यांच्याकडं मोटारीनं चाक फिरवायचं तसलं यंत्र होतं. अडचण एवढीच, की पंक्चरला चाक उतरवलं आणि परत लावताना एक स्टड जरी पुढंमागं झाला, तरी केलेलं सगळं पाण्यात. खुणा करून ठेवाव्या लागतात, आणि रस्त्यावरचा पंक्चरवाला खुणा बघत नाही.

मण्यांनाही मी वाईट म्हणणार नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांत त्यांची तारीफ करणारे आहेत. चाक वेगात आलं की मणी पसरून वजन सावरतात, टायर झिजला की पुन्हा आपलं आपण जुळवून घेतात. पण आतून टायर कोरडा ठणठणीत हवा, व्हॉल्व्हला जाळीचा पिन हवा, नाहीतर मणी अडकून हवा गळते. शिवाय मणी घातलेलं चाक मशीनवर तपासता येत नाही, दर वेळी आकडा वेगळा येतो.

हे शेवटचं वाक्य मी तोंडानं बोललो आणि तिथंच थबकलो.

दर वेळी आकडा वेगळा. हे तर मणी घालायच्या आधी, माझ्या मशीनवर, त्यांच्या पुढच्या उजव्या चाकाला झालं होतं! पहिल्या फेरीला 140 ग्रॅम, तेच चाक तसंच पुन्हा फिरवलं तर 60, मग 95. मी कोन, म्हणजे चाक मशीनवर मधल्या भोकातून धरणारा शंकू, नीट बसला नसेल म्हणून चाक उतरवून परत चढवलं, इथं तिथं शिसं ठोकलं, आणि एकदा दोन्ही बाजूंना शून्य दिसल्याबरोबर पोऱ्याला म्हणालो, "उतरव." आमच्या धंद्यातली ही चलाखी सगळ्यांना माहीत आहे. शून्य आलं की पुन्हा फिरवायचं नाही. दोन्ही वेळा मी तेच केलं होतं.

"काका, या उजव्या चाकात कधी काही घातलंय का? मण्यांच्या आधी?"

"न्हाई."

"अहो न्हाई काय!" काकी आतून. "तुळजापूरला जाताना त्या पोरानं हिरवी बाटली रिकामी केली नव्हती का? पंक्चरच होणार न्हाई म्हणाला."

काकींनी आणखी एक सांगितलं, जे काकांनी कधी सांगितलं नव्हतं. डबे सकाळी निघताना सगळ्यात जास्त वाजतात. पुण्याकडं निघालं तर कराड येईतो निम्मे गप्प होतात.

टायर फोडला. म्हणजे रिमवरनं सोडवला, आम्ही फोडला म्हणतो. आत बॅटरी मारून बघितलं तर तळाशी हिरवट चिकट गाळ, आणि त्यात ते सगळे मणी रुतून बसलेले. राजगिरा काकवीत घालून ताटात ओतावा आणि थापायचा राहून जावा, तसा वीतभर गोळा. मी बोटानं खरवडला तर तार सुटली. पोऱ्यानं तो पत्र्यावर काढून वजनकाट्यावर टाकला. 310 ग्रॅम. शिवाय आतल्या भिंतीला लागलेलं वेगळंच. रात्रभर गाडी उभी राहिली की हा माल तळाला साचून आळायचा, आणि सकाळी तसाच ढेकूळ होऊन फिरायचा. टायर तापला की पातळ होऊन पसरायचा. काकींच्या डब्यांनी ते बरोबर सांगितलं होतं, विचारलं कुणीच नव्हतं.

काका बराच वेळ त्या गोळ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तू दोनदा याच्यावर शिसं ठोकलंस."

"होय."

पुढं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

टायर आतून पाण्यानं धुऊन, फडक्यानं पुसून, उन्हात ठेवला. दरम्यान कोनाचा माझा संशयही तपासून घेतला. या जातीचं चाक मधल्या भोकावर नेमकं बसेलच असं नसतं, म्हणून कोन काढला आणि स्टडच्या भोकांत बसणारी पिनांची प्लेट लावली. आता उजवं चाक तीनदा फिरवलं, मध्ये एकदा पूर्ण उतरवून चढवलं. बाहेर 55, आत 40. प्रत्येक वेळी पाच ग्रॅमच्या आतबाहेर. त्यावर क्लिपची वजनं ठोकली. लोखंडी रिम आहे, चिकटवायच्या वजनांची गरज नव्हती.

डाव्या चाकात मणी कोरडे निघाले, झाडून पिशवीत भरले. याचा आकडाही ठाम येत होता. पण चाक फिरताना मला त्याचा वरचा काठ खाली-वर जाताना दिसला. खडू टेकवून धरला तर खडूची रेघ अर्ध्याच घेरावर उमटली. काका गाडीत गेले आणि लाकडी पेटी घेऊन आले. आत मखमलीत डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ, आणि चुंबकाचा स्टँड. सहलीला निघालेला माणूस डायल गेज का नेतो, हे मी विचारलं नाही. मशीनच्या बॉडीला स्टँड चिकटवून त्यांनी टायरच्या मधल्या सलग पट्टीवर टोक टेकवलं आणि मला म्हणाले, "सावकाश फिरव. ढकलू नकोस, फिरव." काटा 2.8 मिलिमीटर हलला. रिमला लावलं तर 0.6.

म्हणजे चाक बॅलन्स होतं, पण गोल नव्हतं. अंड्याला कितीही शिसं लावा, ते घरंगळताना उड्या मारणारच. साइडवॉलवरचे चार आकडे बघितले, 1121, म्हणजे 2021 सालचा अकरावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, कारण गाडी वर्षातले आठ महिने आंब्याखाली एकाच जागी उभी. मोटरहोमचे टायर झिजून मरत नाहीत, उभं राहून मरतात. सगळा संसार अंगावर घेऊन एकाच ठिकाणी टेकलेलं रबर बसतं.

टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला, टायरची उंच बाजू रिमच्या खोल बाजूला येईल असा. काटा 1.6 वर आला. याहून जास्त काही हातात नव्हतं. वर्षभरात हा पुढून काढा, असं बजावलं. मागची चारही मशीनवर घेतली, एकालाच 80 ग्रॅम लागले.

"मग उरलेले मणी मागं घालू या की," काका पिशवी हलवत म्हणाले. पैसे घातलेली वस्तू टाकायला उद्यमनगरचा माणूस तयार होत नाही.

"घाला, पण मग पुन्हा गाडी हादरली तर माझ्या मशीनला आंधळं करून ठेवाल."

पिशवी माझ्या फळीवर राहिली. शेजारी तो 310 ग्रॅमचा गोळाही ठेवलाय. नव्या पोऱ्याला दाखवायला.

काका लगेच चक्कर मारायला निघाले होते. मीच अडवलं. तापलेल्या चाकांवरची चाचणी या गाडीला उपयोगाची नव्हती, खोड सकाळची होती. मग ते फिरतं घर रात्री माझ्याच आवारात राहिलं. काकींनी पिठलं केलं, पोऱ्यालाही वाढलं. जुन्या दोन बिलांचे पैसे मी हिशोबातून वजा केले. काकांनी कागद बघितला, घडी घातली, खिशात ठेवला.

सकाळी सहाला गार चाकांवर निघालो. साताऱ्याच्या बाजूला सहापदरीच्या कामाचे डायव्हर्जन, म्हणून कागलकडं. काका गाडी चालवत होते, मी शेजारी, काकी मागं मांडणीजवळ कान लावून. साठ, सत्तर. पंचाहत्तरला काकांनी स्टेअरिंगवरचे हात सैल केले. स्टेअरिंग स्थिर. कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडं वेग तसाच धरलेला असताना मागं कुठंतरी बारीक टकटक सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

"काकी, डबे?"

"डबे गप्प आहेत," काकी म्हणाल्या. "ह्यांची ती लाकडी पेटी वाजतीय. रात्री कडी लावली न्हाई."