तुम्ही विचारलंत म्हणून: तमिळमधला नागेशच का?

तमिळ पिक्चरचा विषय निघाला की सगळे रजनी, कमल करतात आणि तू मात्र त्या जुन्या कॉमेडियनचं नाव काढतोस, असं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

आधी एक सांगतो, नागेश तुम्ही पाहिला नसेल, पण त्याचा रोल आपल्याकडेही येऊन गेलाय. धुमधडाकामधला (१९८५) पिक्चर काढायचं खूळ डोक्यात घेतलेला लक्ष्या आठवतो ना, आणि त्याचे वैतागलेले वडील शरद तळवलकर? ती गोष्ट मूळची श्रीधर यांच्या १९६४ च्या 'कादलिक्क नेरमिल्लै'ची, मध्ये हिंदीत 'प्यार किये जा' झाला, तिथे मेहमूद. मूळ पोरगा म्हणजे चेल्लप्पा, तो नागेश. वडलांना, म्हणजे टी. एस. बालय्यांना, तो आपल्या भुताच्या पिक्चरची स्टोरी ऐकवतो तो सीन बघाच. सगळे आवाज तोच तोंडाने काढतो, आणि नंतर नंतर तुम्ही नागेशकडे बघतच नाही, घाबरत चाललेल्या बालय्यांकडे बघता, आणि समोरच्याला एवढी जागा देणारा कॉमेडियन मी फार कमी पाहिलाय.

माणूस धारापुरमचा, घरची भाषा कन्नड, चेहऱ्यावर देवीचे व्रण, नोकरी रेल्वेत क्लार्क. हिरो व्हायला यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. नाटकात एक छोटासा रोल मिळाला, पोट दुखणाऱ्या पेशंटचा, आणि तो बघायला आलेल्या एमजीआरनी, म्हणजे तेव्हाच्या तमिळ सुपरस्टारनी, त्याचं कौतुक केलं. मला वाटतं सगळं तिथेच आहे. लोक हसत होते, पण त्या पेशंटचं पोट खरंच दुखत असणार.

'तिरुविळैयाडल'मधला (१९६५) धरुमी घ्या. पांड्य राजाने हजार मोहरांचं बक्षीस लावलंय आणि हा गरीब कवी मदुराईच्या देवळात एकटाच तळमळतोय, आपल्याला नाही मिळणार, आपल्याला नाही मिळणार. मग शिवाजी गणेशन शंकर होऊन समोर येतात, हा त्यांनाच प्रश्न विचारून परीक्षा घेतो. हात, मान, पाय सगळं हलत असतं, तरी डोळे त्या पैशांवरच. मला तमिळ जेमतेम येतं, पहिल्यांदा सबटायटलशिवाय पाहिला तेव्हा एक शब्द कळला नव्हता, पण त्याला पैशांची किती गरज आहे ते पक्कं कळलं होतं.

'सर्व्हर सुंदरम'मध्ये (१९६४) तर तो हिरोच आहे, हॉटेलातला वेटर जो पुढे मोठा स्टार होतो, पण जिच्यावर जीव जडलाय ती मिळत नाही. मूळ नाटक के. बालचंदर यांचं.

पुढे १९८९ मध्ये 'अपूर्व सगोदरर्गळ'मध्ये व्हिलन, आणि १९९४ मध्ये दोन पिक्चर. 'नम्मवर'मध्ये मुलगी गेल्यावर कोलमडलेला बाप, त्यासाठी सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 'मगळिर मट्टुम'मध्ये चक्क प्रेत. एक डायलॉग नाही, बायका त्याला इकडून तिकडे नेतात, कुठे टेकवून ठेवतात. माझ्या आईला मी तेवढाच भाग दाखवला होता, भाषा वगैरे काही न सांगता. ती हसता हसता मध्येच म्हणाली, अरे, पण नीट धरा ना त्याला.