पेट्रोल जीपचा करंट गेला तेव्हा

प्लगला करंट येत नाही म्हटलं की कॉइल (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा पार्ट) बदला, ही आपल्याकडच्या गॅरेजांची सवय कधी जाणार? या सवयीपायी आमची जुनी पेट्रोल जीप, महिंद्राची हरिकेन इंजिनवाली, ऐन ऊसतोडीत उभी राहिली. पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचवर, चालणारी गाडी ज्यांच्याकडे अजून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तालुक्याच्या एका गॅरेजला गाडी नेहमीच्या कामाला दिली होती. ऑइल, प्लग, पॉइंट आणि पॉइंटला जोडलेला कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून असतो तो), एवढंच. काम झालं आणि गाडी चालू होईना. सेल्फ दणदणीत फिरतोय, कार्बोरेटरला पेट्रोल आहे, पण प्लग काढून इंजिनला टेकवला तर ठिणगीचा पत्ता नाही.

मिस्त्रींनी कॉइलला हात लावला. "दादा, कॉइल गेली. केवढी तापलीय बघा!" नवी कॉइल आली, तरी करंट नाही. मग डेल्कोतला (डिस्ट्रिब्यूटर, प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा; पॉइंटही त्यातच असतात) रोटर बदलला, डेल्कोची कॅप बदलली. तोवर नवी कॉइलही चटका बसेल इतकी तापली, तर म्हणाले, "माल डुप्लिकेट निघाला." शेवटी निकाल असा की अख्खा डेल्कोच बदलावा लागेल, मागवतो. झालं, गाडी भिंतीकडेला ढकलली. फोन केला की "उद्या पार्सल येतंय". इकडे ऊस तोडून पडलाय, फडावर माणसं न्यायची आहेत, आणि रोज तेच उत्तर. एकानेही साधा बल्ब लावून तपासलं नाही याचा मला आजही संताप येतो. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी ओढून आणली.

आमच्या आप्पांनी, म्हणजे चुलत्यांनी, एके काळी वडाप, म्हणजे प्रवासी वाहतूक, केलंय, तेही पेट्रोल जीपवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दोन्ही कॉइल तापल्या? मग कॉइलचा काय दोष?"

मुद्दा तिथेच आहे. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलमधून पॉइंटवाटे अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जातो, साधारण चारेक अँपिअर. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगला हजारो व्होल्टचा झटका मिळतो. चार सिलिंडरचं इंजिन 2000 आरपीएमवर असेल तर मिनिटाला 4000 वेळा ही उघडझाप होते. करंट तुटलाच नाही तर ठिणगी नाही, आणि कॉइल नुसती तापत बसते. (म्हणूनच इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून गप्पा मारू नका. पॉइंट मिटलेले असले तर चांगली कॉइलही जळू शकते.)

आप्पांनी इंडिकेटरचा छोटा बल्ब आणि दोन वायरी घेतल्या. एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डेल्कोकडे जाते. इग्निशन चालू करून पॉइंट उघडे ठेवले. बल्ब पेटायला हवा होता, पेटला नाही. डेल्कोकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडली, तर लगेच पेटला. म्हणजे कॉइलपर्यंत सगळं नीट, शॉर्ट पुढे डेल्कोत. वायर परत जोडली आणि कंडेन्सर सोडून बघितला. बल्ब विझलेलाच. म्हणजे कंडेन्सरही निर्दोष.

उरला डेल्कोच्या बाजूने आत येणारा तो बारका स्क्रू. पॉइंटची स्प्रिंग आणि कंडेन्सरची वायर, दोन्ही त्यालाच बसतात. हा स्क्रू बॉडीला कुठेही शिवता कामा नये, म्हणून त्याला फायबरचा बुश आणि वायसर असतो. टॉर्च मारून बघितलं तर आतला वायसर अर्धा तुटून गेलेला. नवे पॉइंट बसवताना स्क्रू तसाच आवळला होता आणि त्याचं डोकं बॉडीला टेकलं होतं. तिथे धातू घासून चकाकत होता. पॉइंट उघडोत की मिटोत, करंट थेट अर्थला!

फायबरचा नवा वायसर हार्डवेअरच्या दुकानात मिळाला, किंमत किरकोळ. बुश शाबूत होता. पॉइंटचा गॅप फिलर गेजने 20 थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवला. नव्या पॉइंटवर तेलकट थर असतो, तो कोरा कागद मधून ओढून पुसून घ्यायचा, हे राहिलंच होतं सांगायचं. सेल्फ मारला तर बल्ब उघडमीट करायला लागला. तेवढ्यावरच आप्पा म्हणाले, "झालं, लाव आता कॅप." दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. मला इतका आनंद झाला की तशीच फडापर्यंत नेऊन आणली.

आणखी एक. प्लग टेकवून ठिणगी बघताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, प्लगची वायर उघड्या हाताने धरू नका. पावसाळ्यात अशी तक्रार आली तर सगळ्यात आधी डेल्कोची कॅप आतून कोरडी करा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

बदललेला पार्ट मात्र गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. आमची जुनी कॉइल मी मागून आणली. मीटरवर प्रायमरी, म्हणजे बॅटरीचा करंट जातो ते वेटोळं, तीन ओहम दाखवते, म्हणजे ते तरी शाबूत आहे. तीच परत बसवली, आणि विकत घेतलेली नवी टूलबॉक्समध्ये ठेवलीय.