तुम्ही विचारलंत म्हणून: किती क्लोरीन टाकू?

‘स्विमिंग पुलाचं पाणी हिरवं झालंय, किती क्लोरीन टाकू?’ हा फोन हटकून शनिवारी सकाळी येतो. पाहुणे दुपारी पोचणार असतात. मी उलट विचारतो, ‘तळाची जाळी दिसतेय का?’ की समोरचा वैतागतो. टाळाटाळ नसते हो ती. नुसत्या रंगावरून काहीच कळत नाही.

पाणी हिरवं आणि गढूळ, भिंत बुळबुळीत, तर शेवाळ. तिथे क्लोरीन हवंच, तेही सढळ हाताने. पण पाणी हिरवं किंवा चहासारखं असून जाळीची भोकं मोजता येतील इतकं नितळ असेल, तर बहुतेक धातू. बोअरचं पाणी असेल तर लोखंड. कोणी मोरचूद टाकलं असेल तर तांबं. यात क्लोरीन ओतलंत तर लोखंडाचा रंग आणखी चढतो.

कोकणात जांभ्याच्या भागात बोअरला लोखंड बऱ्याचदा असतं. जमिनीखाली हवा नसल्यामुळे ते विरघळलेलं राहतं, म्हणून पाइपातून पाणी काचेसारखं येतं. हवा आणि क्लोरीन मिळालं की त्याचा गंज होतो.

एक पूल विसरता येत नाही. आठ बाय चार मीटर, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ४८,००० लिटर. ताजा भरलेला, जरा हिरवट. ६५ टक्केवाली क्लोरीन पावडर पाऊण किलो, म्हणजे साधारण १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम), टाका असं फोनवर मीच सांगितलं. तासाभरात पाणी कोऱ्या चहासारखं. फोटो पाहूनही मी म्हणालो, शेवाळ मरतंय. मेलेलं शेवाळ राखाडी-पांढरट दिसतं, तांबूस नाही. हे तेव्हाही ठाऊक होतं. मग पीएच ७.४ वर आणला, अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) १०० पीपीएमच्या आसपास आहे ना ते पाहिलं (तुरटीने दोन्ही उतरतात), गंज तळाला बसावा म्हणून दोन किलो तुरटी विरघळवून सगळीकडे ओतली, फिल्टरचा व्हॉल्व ‘रीसर्क्युलेट’वर (पाणी वाळूतून न जाता नुसतं फिरतं) ठेवून दोन तास पंप चालवला आणि रात्रभर बंद. सकाळी तळावर तपकिरी साय. ती ‘वेस्ट’वर (पाणी थेट बाहेर जातं), व्हॅक्यूमचा ब्रश अगदी सावकाश सरकवत ओढली. ‘फिल्टर’वर ओढली असती तर वाळू चोंदली असती आणि बारीक गाळ परत पुलात आला असता. व्हॉल्वचं हँडल फिरवण्याआधी दर वेळी पंप बंद, हेही पाळलं. पाणी १५ सेंटिमीटर उतरलं, जवळजवळ ५,००० लिटर.

आणि ते भरून काढलं त्याच बोअरने. संध्याकाळी रंग परत.

आता कोणी विचारलं की आधी बादली. पांढऱ्या बादलीत भरायचं पाणी घ्या, चिमूटभर क्लोरीन पावडर टाका, अर्धा तास थांबा. तांबूस झालं तर लोखंड पाण्यातच आहे. तसं असेल तर टँकर मागवा, पण त्या पाण्याचीही बादली करा. टँकर कुठल्या बोअरवर भरतात कोण सांगणार! बोअरशिवाय इलाज नसेल तर तळाला भोकं पाडलेल्या बादलीत उशीचा पॉलिएस्टर कापूस ठासा, थोडं क्लोरीन टाका आणि त्यातून बारीक धारेने भरा. कापूस विटकरी झाला की बदला. वेळ जातो, मान्य.

टीसीसीएच्या (हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्यांचं थोडक्यात: त्यांतून सायन्युरिक ॲसिड (क्लोरीन उन्हात टिकवणारं, पण त्याचा जोर कमी करणारं रसायन) साचतं. ते १०० पीपीएमवर गेलं की नेहमीच्या मात्रेत शेवाळ मरत नाही, आणि कमी करायचं तर पाणीच काढावं लागतं. गोळ्या आणि ६५ टक्केवाली पावडर एका डब्यात कधीही ठेवू नका, आग लागते.

‘साध्या प्रश्नाला एवढं?’ असं म्हणता. पाऊण किलो सांगताना मीही साधंच उत्तर दिलं होतं. शेवाळ असतं तर ते बरोबरही ठरलं असतं, म्हणून पूर्ण चुकलो असं अजूनही म्हणवत नाही. पण बोअरला मँगेनीजही असेल तर पाणी काळपट होतं, आणि कापूस त्याला कितपत अडवेल याची खात्री मी देत नाही.