शनिवारची सीडी

“सीडी आत गेली की कॉम्प्युटर बंद पडतो आणि आपला आपण पुन्हा चालू होतो. आज पाचवा दिवस.” गुरुवारी सकाळी काकांनी फोनवर एवढंच सांगितलं. एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत रिपोर्टांच्या नोंदी तेच सांभाळत. रोज संध्याकाळी सगळा डेटा रीरायटेबल सीडीवर उतरवायचा, हा त्यांचा नेम. सोमवार ते शनिवार अशा सहा सीडी, प्रत्येकीवर मार्करने वाराचं नाव. पुढच्या आठवड्यात त्याच सीडी त्याच क्रमाने पुन्हा. विंडोज एक्सपीच्या काळात मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं घेत असे, तेव्हाची ही गोष्ट.

मी पोचले तेव्हा काकांनी सहाही सीडी टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. ड्राइव्ह बदलून झाला होता, रॅम बदलून झाली होती. रॅम बदलणाऱ्याने जाताना सांगितलं होतं, की सीडी जुन्या होऊन झिजल्यात. म्हणून काकांनी नवी पाकिटंही आणली होती. नव्या सीडी फॉरमॅट करून घेतल्या, तरी तेच.

सीडी झिजल्याचं मला पटेना. रीरायटेबल सीडीत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेझरने तो वितळेपर्यंत तापवून झटकन थंड होऊ दिला की तेवढा ठिपका विस्कळीत राहतो आणि प्रकाश कमी परावर्तित करतो. जरा कमी तापवला की पुन्हा स्फटिकासारखा जुळतो आणि पुसला जातो. ही उलटापालट साधारण १००० वेळा चालते. काकांची एकेक सीडी आठवड्यातून एकदा वापरली जायची, म्हणजे वर्षाला ५२ वेळा. दोन वर्षांत ती झिजणार कशी?

पहिलं काम केलं ते आपोआप रीस्टार्ट होणं बंद करायचं. एक्सपीत ती सोय मुळातच चालू असते, त्यामुळे विंडोज कोलमडल्याचं सांगणारा निळा स्क्रीन डोळ्याला दिसायच्या आत निघून जातो आणि माणूस म्हणतो, ‘मशिन बंद पडलं’. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती खूण काढली. मग ज्याने त्रास होतो तो प्रकार सोडून बाकीचं सगळं आधी घालून पाहिलं. गाण्यांची सीडी नीट वाजली. एकदाच लिहिता येते तशी सीडी नीट उघडली. नव्या पाकिटातली कोरी रीरायटेबल घातली, काही झालं नाही. तिच्यावर साध्या बर्निंगने काठोकाठ डेटा लिहिला. दहा मिनिटं मोटर जोरात फिरत होती, लेझर पूर्ण ताकदीने चालू होता, तरी मशिन शांत. ही चाचणी मला फार मोलाची वाटली. एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा, दमत असता तर इथेच बसला असता.

मग काकांना विचारून बुधवारची सीडी घातली. ट्रे आत गेला, दिवा दोनदा लुकलुकला आणि चार-पाच सेकंदांत निळा स्क्रीन. अजून लिहायला सुरुवातही झालेली नव्हती. स्टॉप कोडाच्या शेवटी ‘डी१’ आणि खाली एका ड्रायव्हर फाइलचं नाव. डी१ म्हणजे कुठल्या तरी ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, मेमरीत नको त्या वेळी नको तिथे हात घातला.

म्हणजे काकांच्या सीडींसारखी, पॅकेट रायटिंगसाठी फॉरमॅट केलेली सीडी आत गेली, की मगच घोटाळा होत होता. पॅकेट रायटिंग म्हणजे सीडीला मोठी फ्लॉपी समजून तिच्यावर फाइल ओढून टाकायची सोय. सीडीवर यूडीएफ फाइल सिस्टिम बसते, ६५० एमबीतले साधारण ५३० एमबीच वापरायला उरतात, आणि एक अक्षर बदललं तरी ६४ केबीचा अख्खा गठ्ठा नव्याने लिहिला जातो. हे सगळं करणारा प्रोग्रॅम आपला फिल्टर ड्रायव्हर विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये बसवतो. फॉरमॅट केलेली सीडी दिसली की तो तिचा ताबा घेतो.

ताबा घेणारा एकच असेल तर ठीक.

कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी उघडली. त्यात पॅकेट रायटिंगचे दोन प्रोग्रॅम होते, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. “काका, हा दुसरा कधी आला?” त्यांना माहीत नव्हतं. मग मी तो प्रश्न विचारला जो खरं तर दारातून आत येतानाच विचारायला हवा होता. “ड्राइव्ह का बदलला होता?”

“संथ झाला होता म्हणून. वीस मिनिटांचं काम दीड तासावर गेलं होतं. माउससुद्धा अडखळायचा तेवढा वेळ.”

“बंद पडायचा नाही?”

“छे. बंद पडायला लागला तो शनिवारी संध्याकाळी.” काका थांबले. “ड्राइव्ह शनिवारी सकाळी बदलला.”

मी धरून चालले होते, की मशिन बंद पडतं म्हणून ड्राइव्ह बदलला. रॅम बदलणाऱ्यानेही तेच धरलं असणार. प्रत्यक्षात नव्या ड्राइव्हच्या खोक्यातली सीडी चालवून त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर भरलं गेलं, जुन्या ड्राइव्हचं सॉफ्टवेअर होतं तिथेच राहिलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक सीडीवर दोघेही झडप घालू लागले. काकांची मूळ तक्रार मात्र या गडबडीत सगळेच विसरले.

दोन्ही प्रोग्रॅम काढून टाकले. रीस्टार्ट केलं, तर माय कॉम्प्युटरमधून सीडी ड्राइव्हच गायब! डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड ३९’. काकांचा चेहरा उतरला. पण हे मी आधी पाहिलेलं होतं. प्रोग्रॅम जातो, त्याच्या ड्रायव्हरची फाइल जाते, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली, नोंद मात्र मागे राहते, आणि विंडोज नसलेल्या फाइलसाठी अडून बसतं. रजिस्ट्रीचा तेवढा भाग आधी वेगळा साठवून घेतला, मग सीडी ड्राइव्हच्या नोंदीतल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन ओळी पुसल्या. पुन्हा रीस्टार्ट. ड्राइव्ह परत आला. बुधवारची सीडी घातली, तिची यादी उघडली. दहा मिनिटं तशीच ठेवली. काही झालं नाही.

इथे उठले असते तर काकांनी दोन दिवसांत पुन्हा फोन केला असता, कारण संथपणा जागच्या जागी होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज जिथे चुकांची नोंद ठेवतं तिथे, जुन्या ड्राइव्हच्या दिवसांपासूनच्या लाल नोंदी होत्या: उपकरणाने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही, ९ क्रमांकाची चूक, पुन्हा पुन्हा तीच. कॅबिनेटचा पत्रा काढला. ड्राइव्ह नवा होता, पण त्याला मदरबोर्डशी जोडणारी पट्टीसारखी आयडीई केबल जुनीच. पत्र्याच्या कडेखाली ती दर वेळी दाबली जायची. एका जागी घडी पडून पांढरा वळ उठला होता आणि बोट फिरवलं की कडेच्या दोन तारा मऊ लागत होत्या. अशा केबलमधून डेटा चुकत येतो. एक्सपी अशा चुका मोजत राहतं, आणि सहाच्या वर गेल्या की त्या चॅनेलचा वेग उतरवत उतरवत शेवटी पीआयओ या सगळ्यात संथ पद्धतीवर आणून ठेवतं. मग डेटाचा एकेक तुकडा उचलून द्यायला प्रोसेसरलाच जुंपावं लागतं. माउस अडखळायचा तो त्यामुळे. ड्राइव्ह बदलून हे सुटत नाही. केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून दुय्यम आयडीई चॅनेल काढून टाकलं आणि विंडोजला ते नव्याने शोधू दिलं. आता तिथे ‘अल्ट्रा डीएमए मोड २’ दिसत होतं, म्हणजे वेग परत आला होता.

माझी खरी काळजी पुढेच होती. शनिवारपासून काही वेळा मशिन सीडी घातल्या घातल्या बंद पडलं होतं, काही वेळा लिहिता लिहिता. सहाही सीडी मी माझ्या लॅपटॉपमध्ये एकेक करून लावल्या. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार वाचल्या गेल्या. शनिवारच्या सीडीत सगळ्या फाइलींची नावं ओळीने दिसत होती, तारखा बरोबर, आकार बरोबर. पहिली फाइल उघडली, उघडली नाही. दुसरी नाही. मंगळवारच्या सीडीचंही तसंच. यादी लिहून झाली होती, आतला मजकूर मेमरीतून सीडीवर उतरायच्या आत मशिन गेलं होतं. काका रोज यादी बघायचे आणि ‘झालं’ म्हणून सीडी डब्यात ठेवायचे. हार्ड डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं. त्यात माणसांच्या रक्ताचे, साखरेचे, थायरॉइडचे मागचे आकडे होते, डॉक्टर नव्या आकड्यांशी ताडून बघतात ते.

पॅकेट रायटिंगचा एकही प्रोग्रॅम मी परत भरला नाही. फाइल ओढून टाकायची सोय सुखाची आहे, पण बॅकअपसाठी मी ती कधीच सुचवत नाही. सीडी पुसायची, सगळं एकदम लिहायचं, पडताळणी चालू ठेवायची. काकांना ते दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. सोळा मिनिटं लागली. सीडी बाहेर आली तशी ती घेऊन ते शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडे गेले आणि मधलाच एक रिपोर्ट उघडून पाहिला. परत आले, मार्कर घेतला आणि ‘गुरुवार’च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘वाचली’.